हळू चालवणाऱ्याची बॅटरी

आमच्या काकांचं गाडी चालवण्याचं एकच धोरण आहे: आपण गाडी चालवतोय हे इंजिनाला कळता कामा नये. ॲक्सिलरेटरवर ते पाय ठेवत नाहीत, नुसता टेकवतात. चौथा गियर टाकायच्या आधी मनाची तयारी करतात आणि बहुतेक वेळा ती तयारी होईपर्यंत गाव येतं. बुऱ्हाणपूरच्या शनवारा गेटपासून निघालेली त्यांची जीप वस्तीबाहेर पडेपर्यंत सायकलवाले घंटी वाजवत पुढे जातात आणि काका त्यांना अदबीने हात दाखवून वाट देतात. "डिझेल वाचतं, टायर वाचतात, माणसं वाचतात," असं त्यांचं म्हणणं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्या चाकाखाली आजवर मुंगीसुद्धा आलेली नाही, कारण बाजूला व्हायला तिला भरपूर वेळ मिळतो.

त्यांचा भाचा नेमका उलट. किल्ली फिरवल्यावर दोनदा घूंऽऽ घूंऽऽ केल्याशिवाय गाडी सुरू झाली असं त्याला वाटतच नाही. जीप निघाल्याची बातमी पलीकडच्या गल्लीला आधी कळते, घरच्यांना मग. काका ओट्यावर बसून डोळे मिटतात आणि म्हणतात, "गेलं अर्धा लिटर."

आता न्यायाने पाहिलं तर गाडीने त्रास कोणाला द्यावा? भाच्याला. पण बॅटरी उतरायची ती नेहमी काकांच्या हातात. भाचा जीप घेऊन नागपूरला जायचा, वाटेत वाटेल तिथे थांबायचा, आणि दर वेळी सेल्फ एका झटक्यात लागायचा. काका जीप घेऊन खकनारच्या बाजाराला गेले की परतताना बोनेटखालून एकच आवाज यायचा: टक. मग बाजारातल्या ओळखीच्या आणि बिनओळखीच्या लोकांना हाका मारून धक्का.

घरात यावर तीन मतं होती. काकू म्हणायच्या, गाडीला वेग आवडतो. भाचा म्हणायचा, गाडीला मी आवडतो. काका म्हणायचे, बॅटरी खराब आहे. तिन्हींत काकांचं मत सर्वांत महागडं होतं, म्हणून तेच अमलात आलं. नवी बॅटरी आली, जुनी वजनावर गेली, वॉरंटी कार्ड देव्हाऱ्यात गेलं. थोड्याच दिवसांत नव्या बॅटरीनेही टक केलं. तेव्हा काकांनी आपलं मत थोडं सुधारून घेतलं: हल्लीच्या बॅटऱ्याच खराब येतात.

अशा या जीपमधून आम्ही परतवाड्याच्या लग्नाला निघालो. चालवायला काका, शेजारी काकू, मागे मी, आहेराची भांडी आणि तोंड पाडून बसलेला भाचा.

हा रस्ता खकनार, देडतलाई, धारणी, हरिसाल, सेमाडोह असा जातो. देडतलाई मध्य प्रदेशात, धारणी महाराष्ट्रात, आणि त्यापुढे मेळघाट. देशात १९७३-७४ साली जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला हा एक. म्हणजे देडतलाईच्या पुढे जी गाडी बंद पडते ती एका जुन्या आणि नामांकित जंगलात बंद पडते. त्यामुळे ज्याला बंद पडायचं असेल त्याने ते देडतलाईत उरकून घ्यावं. आमच्या जीपला हा पोच होता.

देडतलाईत बुऱ्हाणपूरची एम. पी. ६८, खंडव्याची एम. पी. १२ आणि अमरावतीची एम. एच. २७ एकाच टपरीसमोर उभ्या असतात. दुकानदार निमाडीत भाव सांगतो, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं, भांडण लागलंच तर ते सर्वांच्या सोयीसाठी हिंदीत होतं, आणि बाजूला बसलेले दोन कोरकू आपसांत काहीतरी बोलून हसतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. बाकीच्यांना त्यातलं अक्षर कळत नाही. देडतलाईबद्दलची खरी मतं त्याच भाषेत व्यक्त होत असावीत.

काकांनी चहासाठी जीप थांबवली आणि डॅशबोर्डखालची दांडी ओढून इंजिन बंद केलं. जुनं डिझेल इंजिन, पंप मेकॅनिकल. किल्ली काढून खिशात घातली तरी ते चालू राहतं. त्याला थांबवायला दांडीच ओढावी लागते. हा तपशील ध्यानात ठेवावा, पुढे त्याच्यावर एक मोठा वैज्ञानिक प्रयोग व्हायचा आहे. चहा झाला, आम्ही बसलो, काकांनी किल्ली फिरवली.

टक.

भारतीय तत्त्वज्ञानात सहा दर्शनं आहेत. बॅटरीच्या बाबतीत देडतलाई पाचापर्यंत पोहोचलं, तेही बोनेट उघडायच्या आत.

पहिले बॅटरीवादी. केळीच्या ट्रकवरचे एक ड्रायव्हर लांबूनच म्हणाले, "बॅटरी गई." पुरावा म्हणून त्यांनी काकांना हॉर्न वाजवायला सांगितला. हॉर्न कण्हला. "देखा?" या दर्शनाला सर्वांत जास्त अनुयायी आहेत, कारण बॅटरीला दुकान आहे, किंमत आहे, कार्ड आहे, आणि दोन माणसांनी उचलून ती बाहेर काढता येते. जो दोष उचलून बाहेर काढता येतो तो लोकांना लगेच पटतो. काकांनी वॉरंटी कार्डाची तारीख सांगितली तेव्हा ड्रायव्हर शांतपणे म्हणाले, "तो फिर नई वाली गई."

दुसरे जलवादी. यांच्या मते जगातली प्रत्येक बॅटरी तहानेने मरते. एक गृहस्थ हापशाचं पाणी बाटलीत भरून घेऊनच आले. बॅटरीत घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, हापशाच्या पाण्यातले क्षार आतल्या प्लेटांची वाट लावतात, हे त्यांना सांगायची वेळच आली नाही. बॅटरी सीलबंद होती. त्यांनी ती चारही बाजूंनी चाचपली आणि हताश होऊन म्हणाले, "आजकल ढक्कन ही नहीं देते."

तिसरे टर्मिनलवादी. यांचं हत्यार दगड. टर्मिनलवर दोन दगड मारायचे आणि "अब लगाओ" म्हणायचं. हसू नये, पुष्कळदा हेच बरोबर निघतं. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुरा साचतो, पकड सैल होते, आणि जिथे सेल्फला एका दमात शंभर-दोनशे अँपिअर ओढायचे असतात तिथे तेवढा करंट त्या भुऱ्यातून जात नाही. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ते धुवावं, घट्ट आवळावं, वरून व्हॅसलिन लावावं, की काम होतं. दगडाने निम्मं काम होतं आणि कधीकधी टर्मिनलही तुटतं. पण आमच्या जीपचे टर्मिनल काकू दर शुक्रवारी पुसतात. दगड वाया गेला.

चौथे अर्थवादी. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी जाड पट्टी सैल झाली की करंटला परतीची वाट मिळत नाही, असं यांचं म्हणणं. तेही खोटं नाही. एक तरुण जीपखाली शिरून अर्थ शोधू लागला. तिथून त्याचा फक्त आवाज येत होता.

पाचवे धक्कावादी. यांना कारणमीमांसेत रस नाही. "वजह बाद में, पहले धकेलो." बाकीची दर्शनं वाद घालत होती तेवढ्यात यांनी जीपला हात लावले, अर्थवादी जेमतेम बाहेर निघाला, आणि दुसऱ्या गियरमध्ये क्लच सुटताच इंजिन लागलं. टाळ्या पडल्या. धक्कावादाला पुरावा द्यावा लागत नाही, म्हणून तो नेहमी जिंकतो.

आता प्रयोग. गर्दीतल्या एकाला डायनामो तपासण्याची हुकमी पद्धत माहीत होती. (वस्तू आल्टर्नेटर असली तरी तिला डायनामोच म्हणतात, पत्र्याच्या पाटीवर मावतं.) त्याने चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून हातात धरलं. इंजिन चालूच राहिलं. "देखो! बॅटरी निकाल दी, फिर भी चल रही है. डायनामो टंच!" लोकांनी माना डोलावल्या. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

ही पद्धत खऱ्या डायनामोच्या काळातली, तीही पेट्रोलच्या गाड्यांसाठी. तिथे ठिणगीला वीज लागते, म्हणून बॅटरी काढूनही इंजिन चाललं तर वीज डायनामोकडूनच येत असणार. आमचं डिझेल इंजिन बॅटरी काढली, डायनामो काढून आहेरात दिला, तरी डिझेल संपेपर्यंत चाललं असतं. म्हणजे त्या प्रयोगातून इंजिन डिझेलवर चालतं एवढंच सिद्ध झालं. शिवाय आल्टर्नेटर चार्जिंग देत असताना टर्मिनल असं उपटलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतात. म्हणजे चांगला आल्टर्नेटर या परीक्षेत नापास होऊन बाहेर पडतो आणि बंद असलेला पहिल्या वर्गात पास होतो. आमचा पहिल्या वर्गात पास झाला.

काका निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात उजेड उतरू लागला म्हणून त्यांनी हेडलाइट लावले. समोरच्या भिंतीवर हळदीच्या रंगाचे दोन डाग पडले. भिंत चार हातांवर होती.

"चालेल एवढा उजेड," काका म्हणाले. "मी हळूच चालवतो."

"आणि मेळघाटात बंद पडली तर?" काकू म्हणाल्या. "वाघासमोर धक्का मारायला उतरणार कोण?"

भाच्याने खिडकीबाहेर बघितलं. मी आहेराची भांडी नीट लावू लागलो. प्रश्न निकालात निघाला.

रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड होतं. दाराशी 'यहाँ बैटरी चार्ज की जाती है' अशी पाटी, खाली 'सेल्फ-डायनामो' हे दोनच शब्द, कारण त्यापुढे पत्रा संपला होता. आत एक वयस्कर इलेक्ट्रिशियन चाचा कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा सेल्फ उघडून बसले होते. त्यांनी आमच्याकडे मान वर करून न बघता पाच मिनिटं थांबायला सांगितलं. ती पाच मिनिटं देडतलाईची होती.

वाट बघताना काकांना जुनी आठवण आली. इथून जवळच तुकईथड स्टेशन, पूर्वीच्या खंडवा-अकोला मीटरगेज लाइनीवरचं. "काय गाडी होती ती!" काका म्हणाले. "डब्यातले दिवे बघायचे तुम्ही. गाडी तुकईथडला थांबली की मंद व्हायचे, पुस्तक मिटायला लागायचं. गाडीने वेग धरला की लख्ख. पुढलं स्टेशन आलं की पुन्हा मंद."

"असं का व्हायचं?" मी विचारलं.

"डब्याखाली डायनामो असायचा, चाकाच्या आसावर पट्ट्याने फिरायचा. चाक फिरलं तर वीज. थांबलं की बॅटरीवर. गाडी जोरात पळाली तरच..." इथे काका थांबले. त्यांची नजर भाच्याकडे गेली. भाचा मोबाइलमध्ये होता, सुदैवाने. काकांनी विषय केळीच्या भावावर नेला.

चाचा हात पुसत आले. मला वाटलं बोनेट उघडतील. त्यांनी आधी विचारलं, "गाडी कौन चलाता है?"

"मी," काका म्हणाले.

"और कोई?"

"कधीकधी हा भाचा."

"भांजा चलाता है तब बॅटरी उतरती है?"

"कधीच नाही," भाच्याने मागून उत्तर दिलं. आवाजात इतक्या महिन्यांचा आनंद होता.

चाचा "हं" म्हणाले आणि मीटर आणायला गेले. पाचही दर्शनांचे अनुयायी आता बाकांवर बसून बघत होते. गर्दीला चूक ठरण्याची भीती नसते, कारण निकाल लागेपर्यंत प्रत्येक जण आपलं मत विसरलेला असतो.

मीटरच्या दोन तारा बॅटरीला लागल्या. आकडा ११.८. चांगली भरलेली बारा व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते: आत सहा घरं, प्रत्येकाचे दोन व्होल्टच्या वर थोडे. १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे तळ. मग धक्क्याने इंजिन लावलं. खरं तर आता आकडा १३.८ ते १४.४ च्या मधे चढायला हवा, कारण बॅटरीत भरायचं तर बॅटरीपेक्षा जास्त दाब लागतो. मीटर ११.८ वरच बसून राहिला. काकांनी मीटरला बोटाने टिचकी मारून पाहिली.

"मीटर ठीक है," चाचा म्हणाले. "बॅटरी भी ठीक है. बॅटरी बीमार नहीं है साब, भूखी है."

चाचांनी इंजिन बंद करायला लावलं आणि पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला: बोटाच्या जाडीपेक्षा कमीच दबला, ठीक. जाड तार घट्ट, ठीक. मग चाचांनी किल्ली नुसती 'ऑन' ठेवली आणि खिशातला लांब पेचकस काढून त्याचं टोक आल्टर्नेटरच्या पाठीमागच्या बेअरिंगला टेकवलं. हात सोडला. पेचकस खाली पडला, खण्ण. पुन्हा टेकवला. पुन्हा खण्ण. बघायला जमलेली पोरं खूश झाली, एकाने पेचकस उचलून दिला.

"चिपकना चाहिए," चाचा म्हणाले. "नहीं चिपकता."

गर्दीत एक निवृत्त मास्तर होते. त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, आल्टर्नेटरमधला फिरणारा भाग जन्मतः चुंबक नसतो. त्याच्या वेटोळ्यात बॅटरीचा थोडा करंट जातो, मग तो चुंबक होतो, मग तो फिरला की भोवतीच्या तारांत वीज निर्माण होते; तिथून सहा डायोड तिचा उलटसुलटपणा काढून एका दिशेने बाहेर पाठवतात. म्हणजे वीज तयार करायलाही आधी चिमूटभर वीज लागते. "फिरत्या चुंबकाची ही विद्या मायकेल फॅरडेने १८३१ साली लंडनमध्ये शोधली."

"१६३१ साली आमच्या बुऱ्हाणपुरात मुमताज महल वारली," काका म्हणाले. "बरोब्बर दोनशे वर्षं आधी."

"त्याचा इथे काय संबंध?" मास्तर म्हणाले.

"संबंध काही नाही. साल सांगितलं."

बुऱ्हाणपूरच्या माणसासमोर इतिहासातलं साल उच्चारू नये. मास्तर नवखे होते. काका पुढे कुंडी भंडाऱ्यावर आले: मुघलांच्या काळापासून डोंगरातलं पाणी भुयारांतून नुसत्या उताराने शहरात येतंय, ना मोटर, ना पट्टा, ना बॅटरी. "आणि आमची ही जीप," ते म्हणाले, "घरापासून धारणीपर्यंत येऊ शकत नाही." यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. चाचांकडे होतं, पण ते डॅशबोर्डात डोकं घालून बसले होते.

किल्ली 'ऑन' होती. ऑइलचा दिवा लागला होता. त्याच्या शेजारी बॅटरीचं चित्र असलेली लाल काच होती, ती काळी.

"ये बत्ती क्यों नहीं जली?"

"ती चांगलीच गोष्ट आहे ना?" काका म्हणाले. "लागली असती तर दोष असता."

चाचांनी मान हलवली, पॅनेलमागे हात घातला, एक छोटं सॉकेट ओढून काढलं आणि उलटं करून काकांसमोर धरलं. सॉकेट रिकामं होतं.

आता तो दिवा काय करतो ते सांगायला हवं, कारण सगळी गोम त्यात आहे. आल्टर्नेटरला जागं करणारा तो चिमूटभर करंट अशा गाड्यांमध्ये त्या लाल दिव्यातूनच जातो. दोन-तीन वॉटचा बल्ब, पाव अँपिअरच्या आतबाहेर करंट. किल्ली फिरवली की बॅटरीकडून बल्बमधून करंट जातो, बल्ब पेटतो, चुंबक जागा होतो. इंजिन लागून आल्टर्नेटरने स्वतःची वीज काढली की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि तो विझतो. म्हणजे किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन लागल्यावर तो गेलाच पाहिजे. मुळात लागलाच नाही तर सगळं ठीक आहे असं नव्हे. सगळं ठीक आहे की नाही हे सांगायला कोणी उरलेलं नाही. आणि बल्बच नसेल तर चुंबकाला उठवायलाही कोणी नाही.

मग भाच्याच्या हातात गाडी चार्ज का व्हायची? चाचांनी हातवारे करून दाखवलं. लोखंडात जुनं चुंबकत्व थोडंसं उरलेलं असतं. इंजिन जोरात रेस केलं, घूंऽऽ घूंऽऽ, की तेवढ्या वेगात त्या उरल्यासुरल्यावरही थोडी वीज उठते, ती वेटोळ्यात जाते, चुंबक वाढतो, वीज वाढते, आणि आल्टर्नेटर स्वतःच्या बळावर जागा होतो. एकदा जागा झाला की इंजिन बंद होईपर्यंत झोपत नाही. भाच्याची ती दोन घूंऽऽ म्हणजे त्याच्या नकळत चाललेली दुरुस्ती होती. काकांच्या चालवण्यात तो वेगच कधी यायचा नाही. बुऱ्हाणपूर ते देडतलाई सगळा प्रवास बॅटरीच्या साठ्यावर झाला होता आणि आल्टर्नेटर पट्ट्यासोबत नुसता फिरायला आला होता.

भाच्याने मामांकडे बघून दोन्ही हात पसरले. "बघितलं? मी रेस करतो म्हणून..."

"तू रेस करता है इसलिए बीमारी इतने दिन छुपी रही," चाचा म्हणाले. "तू नहीं होता तो पहले दिन पकड़ में आती."

भाचा हात आवरून बसला. बाकावरच्या दोन कोरकूंपैकी एक जण काहीतरी बोलला आणि दुसरा बराच वेळ हसला.

"लेकिन बल्ब निकाला किसने?" चाचांनी विचारलं.

शांतता पसरली. काका सातपुड्याकडे बघू लागले. चांगला दिसतो तिथून.

"अहो," काकू म्हणाल्या, "तो लाल दिवा ना? मागे रात्रंदिवस लागलेला असायचा तो? तुम्हीच नाही का गॅरेजमधल्या पोराला काढायला लावलात? डोळ्यात खुपतो म्हणालात."

मग सगळा उलगडा झाला. त्या वेळी आल्टर्नेटरचे कार्बन घासून संपत आले होते. दिवा खरं बोलत होता आणि सतत बोलत होता. काकांनी त्याला काढलं. पुढे सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी कार्बन नवे घातले, आल्टर्नेटर पुन्हा ठणठणीत झाला. पण त्याला उठवणारा दिवा तोवर गॅरेजच्या पत्र्यावरच्या एखाद्या डब्यात पडलेला होता. रोग बरा झाला आणि रोगाची खबर देणारा गेल्यामुळे नवा रोग सुरू झाला. त्यावर इलाज म्हणून बॅटरी बदलली.

काका यात एकटे नाहीत. सीटबेल्ट न लावल्यावर जो आवाज वाजतो तो बंद करायला बाजारात पट्ट्याशिवाय नुसती बक्कल मिळते. खाचेत खोचली की गाडीची समजूत पटते. या बकला इतक्या खपायला लागल्या की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. पट्टा लावण्यापेक्षा बक्कल मागवण्याला कष्ट जास्त, पैसे जास्त. तरी लोक मागवत होते. कारण पट्ट्याने जीव वाचतो, बकलेने कटकट वाचते, आणि जीव रोज जात नाही, कटकट रोज होते.

त्या मानाने आल्टर्नेटर बनवणारा शहाणा. त्याने खबर आणि काम एकाच तारेवर ठेवलं. खबर बंद केली की काम बंद. सरकारी खात्यांचं वायरिंग या पद्धतीने केलं असतं तर कितीतरी लाल दिवे आज जागेवर दिसले असते.

चाचांनी आधी स्वतःचा टेस्ट लॅम्प त्या तारेला लावून खात्री करून घेतली. लॅम्प पेटला. पेचकस बेअरिंगला टेकवला, हात सोडला. चिकटला. पोरांनी ओढून पाहिला, मग एकेकाने. धक्का मारून इंजिन लावलं. लॅम्प विझला, मीटर चढत चढत १४.१ वर जाऊन थांबला. ज्यांनी दुपारी "बॅटरी गई" म्हटलं होतं ते ड्रायव्हर म्हणाले, "मैं तो पहले ही बोल रहा था, डायनामो देखो." कोणी हरकत घेतली नाही.

मग डब्यातून छोटा बल्ब निघाला, सॉकेटात बसला, सॉकेट पॅनेलमध्ये गेलं. चाचांनी तासभर जीप चालू ठेवायला सांगितली, म्हणजे बॅटरीत थोडा जीव येईल. त्या तासात काकांनी मजुरीवर घासाघीस केली. बल्ब किरकोळ आणि पैसे एवढे कशाचे, असा त्यांचा मुद्दा. चाचा म्हणाले, "बल्ब का मत दो. वो तो आप का ही था." काकांनी पुढे काही न बोलता पैसे मोजले.

तासाने चाचांनी दांडी ओढून इंजिन बंद केलं आणि काकांना म्हणाले, आता तुम्ही लावा. काकांनी किल्ली 'ऑन' केली. डॅशबोर्डवर लाल दिवा लख्ख लागला.

"बघा!" काका म्हणाले. "लागला पुन्हा. म्हणजे काही दुरुस्त झालेलं नाही."

त्यांना समजावण्यात आणखी एक चहा गेला. शेवटी सेल्फ मारला, इंजिन एका झटक्यात लागलं, दिवा विझला, आणि आम्ही निघालो. धारणीच्या पुढे जंगलात हेडलाइटचा उजेड लांबवर पडत होता. काकांच्या वेगामुळे झाडांच्या पाट्यांवरची नावंसुद्धा वाचता आली. परतवाड्याला पोहोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या, पण वऱ्हाडातली माणसं भली. त्यांनी पुन्हा पानं मांडली.

जीप आता काकांच्या हातात कधी बंद पडत नाही. फक्त किल्ली फिरवल्यावर इंजिन लागेपर्यंतचे ते दोन सेकंद त्यांना जड जायचे. लाल दिवा बघून छातीत धस्स होतं म्हणायचे. बल्ब काढू द्यायला काकू तयार नव्हत्या. शेवटी तडजोड झाली. काकूंनी आपल्या पाकिटातली सर्वांत मोठी टिकली काढून त्या काचेवर चिकटवली. आत बल्ब लागतो, करंट जातो, बॅटरी भरते, आणि बाहेर कोणाला काही दिसत नाही. काका भेटेल त्याला सांगतात, आता गाडी शंभर टक्के दुरुस्त झाली.